श्वासांचा रकाना

शरयूताई,

तुमच्या दवाखान्याची खिडकी परवा मी पुन्हा उघडली. किल्ली आता माझ्याकडे आहे. उदय न्यू टाउनहून आला, भाच्याने करायचं ते सगळं त्याने नीट केलं, आणि जाताना आपल्या अडखळत्या मराठीत म्हणाला, "मावशीचं खालचं, दवाखान्याचं सगळं तुम्हीच बघा. मला शेळीचं तापमान कुठून घेतात ते पण माहीत नाही." तुम्ही असता तर त्याला लगेच दाखवलं असतं आणि तो पळाला असता. मी हसलो, आणि मग आतल्या नळावर जाऊन तोंड धुऊन आलो.

सोळा दिवस झाले. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी मला तुमच्याबद्दल एक पान लिहून मागितलं. जन्म कुठे, शिक्षण कुठे, किती वर्षं जनावरांची सेवा केली, वगैरे. मी नाही म्हणालो. सत्तर वर्षांपैकी शेवटची पाचच मी पाहिली, तुमचं चरित्र मी काय लिहिणार! शिवाय मला मंडळाला काहीच सांगायचं नाहीये. तुम्हाला सांगायचं आहे. तीन वर्षं सांगायचं राहिलं, रोज समोर बसून चहा पीत असताना राहिलं.

मी कोलकात्यात आलो तो मेधाच्या बदलीमुळे. बायको बँकेत अधिकारी आणि नवरा बेकार पशुवैद्य, असा आमचा संसार इथल्या बेहाला भागात उतरला. पहिल्या आठवड्यात कोणीतरी म्हणालं, इथे एक मराठी बाई आहेत, इथेच जन्मलेल्या, शेळ्यांच्या डॉक्टर. मी पत्ता शोधत आलो तेव्हा तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसला होतात, मांडीवर एका काळ्या शेळीचं डोकं होतं आणि तिच्या मानेतल्या शिरेत सुई. तुमच्या वडिलांच्या पोपटाचा पिंजरा टांगायच्या हुकाला सलाईनची बाटली लटकत होती. मी नमस्कार केला. तुम्ही वर न बघता म्हणालात, "नमस्कार नंतर. आधी ती दुसरी बाटली कोमट पाण्यात ठेवा. थंड गेली तर हिला हुडहुडी भरेल." मी ठेवली. नोकरीची मुलाखत ती तेवढीच झाली. दुसऱ्या दिवसापासून "अहो" गेलं आणि "तू" आलं, आणि मेधाबद्दल कळल्यावर माझं नाव पडलं बँकेचा जावई. आलेल्या प्रत्येक माणसाला तुम्ही माझी ओळख तशीच करून द्यायचात, बंगालीत, आणि तो माणूस माझ्याकडे बघून सहानुभूतीने मान हलवायचा.

शिकलो मी कॉलेजात, पण शेळीला सलाईन लावायला शिकलो तुमच्याकडे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची आणि ती जागेवर जायला किती वेळ लावते ते बघायचं. डोळा आणि पापणी यांत किती फट पडली आहे ते बघायचं. त्यावरून अंगातलं पाणी किती आटलं याचा अंदाज, मग वजनाशी गुणाकार, की इतकं पाणी आत जायला हवं. "बारा किलोची शेळी, आठ टक्के आटली, म्हणजे जवळजवळ एक लिटर. हे कोणीही करेल," तुम्ही म्हणायचात. "पण बाटलीत काय असायला हवं, ते विचार. पाणी भरणं सोपं आहे रे, रक्ताचा तोल सांभाळणं अवघड."

आणि तो तोल कुठे बघायचा? श्वासात. हा तुमचा हेका. रक्तात आम्ल वाढलं की जनावर ते फुप्फुसातून बाहेर टाकायला बघतं, भराभर धापा टाकतं. आम्ल कमी पडलं की उलट, श्वास जपून घेतं, हळू आणि वरवर. म्हणून शेळी आली की सगळ्यात आधी, हात लावायच्या आधी, दारातच तिचे श्वास मोजायचे. पूर्ण मिनिटभर. एकदा मी पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर तुम्ही म्हणालात, "तू शेळी नाही मोजलीस, पाढा म्हटलास." तुमच्या रजिस्टरात प्रत्येक शेळीसाठी एक आडवी ओळ होती आणि त्यात तारखेनंतर पहिला रकाना श्वासांचा. मालकाचं नाव त्याच्या नंतर.

मला हे जुनं वाटायचं. खोटं कशाला बोलू! मी मोठ्या शहरातल्या दवाखान्यांत रक्तातलं आम्ल मोजायची यंत्रं पाहिली होती. आपल्याला ते यंत्र परवडणार नाही, ठीक, पण निदान लघवीची पट्टी? शेळी उठवली की ती बहुधा मुततेच, त्या धारेखाली लिटमसची पट्टी धरायची. लाल झाली की आम्ल जास्त, ते मारायला शिरेतून सोडा द्यायचा. मी तुम्हाला पटवून पटवून थकलो. "पट्टी म्हणजे शेजाऱ्याला विचारून घरातली बातमी काढणं," तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचो, ताई, तुम्ही निदान वाचा तरी. तुम्ही म्हणायचात, "मी वाचलंय. तू पण वाच, पण पुढचं पान पण वाच." मला वाटायचं हे टोमणे आहेत. मी पुढचं पान वाचलं नाही.

आता तीन वर्षांपूर्वीचा तो पूजेनंतरचा आठवडा.

तुम्हाला आठवतंच, पण मला पहिल्यापासून सांगू द्या. दुर्गापूजा संपली की आपल्या गल्लीत दोन गोष्टी मागे राहतात. एक, भोगाची उरलेली खिचडी, जी कोणीतरी कोपऱ्यावर ओतून जातं. दुसरी, मांडव उतरवताना पडलेल्या कापडाच्या पट्ट्या आणि झालरी. खिचडी खाऊन शेळ्या आजारी पडतात हे मी त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं. पोटात भाताचं आंबवण होतं, त्याचं आम्ल रक्तात उतरतं, पाण्यासारखे जुलाब, पाय लटपटत. सोमवार ते गुरुवार चार आल्या. चौघींची पट्टी लाल, चौघींना मी सोडा आणि सलाईन दिलं, चौघी उठून चालत घरी गेल्या. माझी छाती अशी काही फुगली होती की मेधा म्हणाली, तुलाच पोटफुगीचं औषध द्यायला हवं.

शुक्रवारी सकाळी आलेया तिची फुली घेऊन आली. आलेया कालव्याकडच्या वस्तीतली, चार घरी धुणीभांडी करणारी, आणि फुली म्हणजे तिचं सर्वस्व: दोन पिल्लांची आई, दूध देणारी, नावाने हाक मारली की वळून बघणारी. तुम्ही त्या दिवशी उदयकडे गेला होतात. फुली पडून होती, डोळे आत गेलेले, पोट तट्ट. आलेया रडत होती. मी पट्टी धरली, लाल. पाचवी लाल. मी तुम्हाला फोन लावला तो परवानगीसाठी, कारण रक्ताचा रिपोर्ट नसेल तर तुम्हाला विचारल्याखेरीज सोडा द्यायचा नाही असा तुमचा नियम होता.

तुम्ही विचारलंत, "श्वास?"

मी म्हणालो, "चाळीस."

"मोजलेस?"

"हो, मोजले."

"मग दे."

ताई, मी मोजले नव्हते.

आधीच्या चौघींचे चाळिसाच्या आसपास होते, म्हणून मी चाळीस म्हणालो. शेळी माझ्यासमोर दोन हातांवर होती. मोजायला एक मिनिट लागलं असतं. त्या एका मिनिटात मला दिसलं असतं की ती धापा टाकत नाहीये, तिची बरगडी जेमतेम हलतेय. मला हेही दिसलं असतं की तिला जुलाब नाहीत, लेंडीच नाही. मला काहीच दिसलं नाही, कारण माझ्या हातात लाल पट्टी होती.

सोडा गेला आणि तासाभरात तिला झटके आले. तुम्ही मेट्रोने, मग ऑटोने, धावत आलात तोवर ती गेली होती. आलेयाला बाहेर पायरीवर बसवून आपण तिचं पोट उघडलं. शेळीच्या चार पोटांपैकी शेवटच्या पोटातून बाहेर पडायच्या वाटेवर मांडवाच्या पिवळ्या झालरीचा हातभर लांब पीळ अडकला होता, बुचासारखा. तेव्हा तुम्ही शांतपणे, जणू मी परीक्षेला बसलोय अशा आवाजात सांगितलंत: वाट बंद झाली की पोटातलं आम्ल पोटातच अडकून बसतं आणि रक्तात ते कमी पडतं. म्हणजे तिच्या रक्ताचा तोल आधीच दुसऱ्या बाजूला गेलेला. त्यात आपण सोडा ओतला. मग पट्टी लाल का? कारण अंगातलं मीठ-पाणी इतकं आटलेलं असतं की मूत्रपिंड ते वाचवायच्या नादात उलट आम्लच बाहेर टाकतं. लघवी एक सांगते, रक्त दुसरंच असतं.

"पुढचं पान," मी म्हणालो.

तुम्ही हातमोजे काढलेत आणि बाहेर आलेयाकडे गेलात. मी आत नळ सोडून हात धूत राहिलो, गरजेपेक्षा फार वेळ. तुम्ही बंगालीत काहीतरी भरभर बोलत होतात, माझं बंगाली तेव्हा बाजारापुरतं होतं, आणि नळाचा आवाज मला हवाच होता. बाहेर आलो तेव्हा आलेया फुलीला गोणपाटात घेऊन निघून गेली होती. मी विचारलं, "काय सांगितलंत?" तुम्ही म्हणालात, "झालं ते सांगितलं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून मला दिलंत. तेच, चावीचं, सेकंदकाटावालं, ज्याचा पट्टा बदलायला तुम्ही मला एस्प्लनेडच्या त्या फूटपाथवरच्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेला होतात. "मोबाईलमध्ये वेळ बघतोस आणि मेसेज वाचत बसतोस," एवढंच म्हणालात. मला वाटलं, माझी समजूत काढताय. मी ते घातलं. त्या दिवसापासून आजपर्यंत न मोजता मी एकही शेळी पाहिलेली नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

पण सांगितलं मात्र नाही. पहिला महिना धीर झाला नाही. मग वाटलं, आता वेळ गेली. मग तुम्ही तो विषयच काढेनात, आणि मी स्वतःला पटवलं की तुम्ही विसरलात. माणूस स्वतःला काय काय पटवतो!

आणि मग आलेया. काही महिन्यांनी तिने शेळीची नवी पाठ घेतली, तिचं नावही फुलीच ठेवलं, आणि तिला घेऊन यायची तेव्हा तुमच्या समोरून सरळ माझ्याकडे यायची. "दादा बघतील," म्हणायची. तुम्ही हात पुढे केलात तर शेळी मागे ओढायची. माझ्या हातून तिची शेळी गेलेली, आणि तरी तिचा विश्वास माझ्यावर! मला भरून यायचं. नव्हे, त्याहून वाईट: मला चढायचं. ईदला ती माझ्यासाठी शेवयांचा डबा आणायची, तुमच्यासाठी नाही, आणि मी तो तुमच्यासमोर उघडून म्हणायचो, "बघा ताई, गिऱ्हाईक ओळखतं हो चांगला डॉक्टर." तुम्ही हसून म्हणायचात, "चमचा आण. चांगल्या डॉक्टरने वाटून खावं." आणि माझ्या डब्यातल्या शेवया खायचात. तीन ईद.

दुसरी गोष्ट तुम्ही तेव्हापासून सुरू केलीत ती गोणीची. मांडव उतरवायच्या दिवशी सकाळीच गल्लीत जायचं, आणि पडलेल्या पट्ट्या, झालरी, सुतळी वेचून गोणीत भरायची. मांडवाची माणसं हसायची. तिसऱ्या मजल्यावरच्या बोसबाबूंनी मला विचारलं होतं की तुमच्या दीदींना काही अडचण आहे का, कागदकापड विकतात का. मला शरम वाटायची आणि मी दवाखान्यात काम काढून बसायचो. दोन वर्षं पूजेनंतर झालर गिळलेली एकही शेळी आपल्याकडे आली नाही. मी ते नशीब समजत होतो.

तुम्ही या वेळी पूजेच्या आधीच गेलात. हॉस्पिटलात भेटायची वेळ चार ते पाच होती आणि मी रोज चारला हजर असायचो. मूत्रपिंडं थकली होती, रक्तात आम्ल साठत होतं. मला वेगळं सांगायची गरज नव्हती, तुम्हालाही नव्हती. तुमची पहिली चौकशी बाटलीची. "काय लावलंय? पिशवी जरा फिरव, अक्षर दिसत नाही." नर्स म्हणाली, मावशी, तुम्ही पेशंट आहात. तुम्ही म्हणालात, "माझे सगळे पेशंट बाटली चावायला बघायचे, मी नुसती वाचतेय." ती मुलगी जाम हसली, आणि मग तुमच्यासाठी खरंच पिशवी फिरवून धरली.

शेवटच्या दिवशी बोलायची फारशी ताकद नव्हती. तुम्ही डोळ्यांनी माझ्या मनगटाकडे खूण केलीत. मला कळलं. मी घड्याळ बघून मोजायला लागलो, पूर्ण मिनिट, तुमच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघत. तुम्ही विचारलंत, "किती?"

"बावीस," मी म्हणालो.

"मोजलेस?"

"मोजले, ताई."

"मोजलेस ना. मग झालं." आणि माझ्या हातावर थोपटलंत. मला वाटलं, आजारी माणसाचं बोलणं.

पूजा झाली. मी मांडवाकडे फिरकलोही नाही. मांडव कधी उतरला तेही कळलं नाही. परवा दुपारी, खिडकी उघडून मी झाडू मारत होतो तर दारात आलेया उभी, आणि तिच्या खांद्यावर दुसरी फुली.

मी शेळीला हात लावला नाही. खाली ठेवायला सांगितली आणि दारातच उकिडवा बसून मोजलं. नऊ. पुन्हा मोजलं. नऊ, आणि तेही वरवर. लेंडी दोन दिवस नाही. पट्टी मी कपाटातून काढलीच नाही. ती लालच झाली असती. कापड गिळलंय हे स्पष्ट कळत होतं, आणि ते कापड गल्लीत का पडून राहिलं होतं तेही मला कळलं. गोणी तिथेच दाराआड होती, घडी घालून, तुम्ही ठेवली होतीत तशी.

पाणी कोमट केलं, सलाईन लावलं, साधं मिठाचं, त्यात मोजून पोटॅशियम, अगदी हळू. सोडा नाही. बाटली पोपटाच्या हुकाला. आलेया शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली, तुम्ही बसायचात त्याच जागी. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "दीदी गेल्या, वाईट झालं. माणूस चांगलं होतं. पण दादा, खरं सांगते, माझ्या शेळीला तुम्हीच बरे. त्या वेळी दीदींनीच चूक केली होती ना."

मी म्हणालो, "कोण म्हणालं?"

"त्याच म्हणाल्या. त्या पायरीवर. माझा हात धरून. भूल आमार, चूक माझी, म्हणाल्या. मी तिथे नव्हते आणि फोनवर औषध सांगितलं, दादाने मी सांगितलं तसं केलं. पुढच्या वेळी त्यालाच दाखव, म्हणाल्या, त्याचा हात चांगला आहे."

तिच्या दृष्टीने ती जुनी, मिटलेली गोष्ट सांगत होती. मी मात्र नळीतले थेंब मोजता मोजता चुकलो. तीन ईदच्या शेवया मला आठवल्या.

ताई, मला तुमचा राग आला. तुम्हाला वाटेल उपकार आठवून रडलो. रडलो नंतर. आधी राग आला, की ही बाई गेली आणि जाताना माझी चूकही बरोबर घेऊन गेली. आता मी कोणाशी भांडू? मग त्याहून वाईट विचार आला. तुम्ही माझ्या चाळिसावर विश्वास ठेवलात. तुम्हाला खरंच वाटत होतं की श्वास मोजले होते, तरी शेळी गेली, म्हणजे तुमचंच निदान चुकलं. इतक्या वर्षांचा तुमचा स्वतःवरचा भरवसा माझ्या एका खोट्या आकड्याने तुटला असेल, आणि तुम्ही ते कोणाला न सांगता शेवया खात बसलात.

मी उठलो आणि रजिस्टर काढलं. तीन वर्षांपूर्वीचं. पूजेनंतरचा आठवडा लगेच सापडला. सोमवार ते गुरुवार माझं अक्षर. शुक्रवारची ओळ तुमच्या अक्षरात. तारीख. आलेया. काळी शेळी, दोन पिल्लांची. काय दिलं, किती दिलं, केव्हा गेली, पोटात काय निघालं, सगळं तुमच्या बारीक गोल अक्षरात. आणि पहिला रकाना, श्वासांचा, कोरा.

मी पुढची मागची पानं चाळली. त्या अख्ख्या रजिस्टरात तो एकच रकाना कोरा आहे.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्याच दिवशी माहीत होतं, कदाचित पोट उघडतानाच. चाळीस हा आकडा मी तुमच्या कानात घातला होता, पण न मोजलेला आकडा तुम्ही वहीत लिहिला नाही. लिहिलं काय? काहीच नाही. जागा ठेवलीत. आणि जाऊन आलेयाला सांगितलंत की चूक माझी. घड्याळ काढून मला दिलंत. आणि मग तीन वर्षं वाट बघितलीत, की हा कधीतरी स्वतः येऊन तो रकाना भरेल. हॉस्पिटलातही विचारलंत, "मोजलेस?" मी त्या वेळीही समजलो नाही, तुम्ही कुठल्या दिवसाचं विचारताय.

तुम्ही चूक केलीत असं मला अजून वाटतं. आलेयासमोर मला उभं करायला हवं होतं. तिने मला शिव्या दिल्या असत्या, ते बरं झालं असतं. तुम्हाला वाटलं असेल की परक्या गावात आलेला, बायकोच्या बदलीमागे फिरणारा, सुरुवातीलाच तोंड काळं झालं तर हा पुन्हा शेळीला हात लावणार नाही. कदाचित बरोबर असेल. मला पटत नाही. या वादाला आता तुमच्या बाजूने उत्तर येणार नाही, हेच मला सहन होत नाहीये.

मी बाहेर आलो आणि आलेयासमोर बसलो. माझ्या बंगालीत सांगितलं, आता ते तेवढं आलंय. की दीदींनी विचारलं होतं, मी खोटं सांगितलं. की मोजलं असतं तर त्यांनी सोडा देऊ दिला नसता. की तुझी फुली माझ्या हातून गेली.

ती कितीतरी वेळ शेळीच्या कानावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी त्यांच्याशी तीन वर्षं धड बोलले नाही." मी नळीतले थेंब जरा हळू केले. ती म्हणाली, "शेवटी शेवटी रस्त्यात दिसायच्या तर मी पलीकडे जायची." मग ती उठली. मला वाटलं शेळी उचलेल. तिने शेळीचं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "मला कामावर जायचंय. उद्या सकाळी येते. तोवर मोजत राहा."

मी मोजत राहिलो. नऊ, दहा, संध्याकाळी तेरा. काल सकाळी सोळा झाले तेव्हा भूल देऊन पोट उघडलं. या वेळी झालर लाल होती, कडेला चंदेरी. आज ती उभी राहिली आणि माझ्या शर्टाचं बटण चावलं. आलेया येऊन बघून गेली. हसली नाही, पण जाताना म्हणाली, उद्या कोवळा पाला आणते. गोणी घेऊन मी सकाळी गल्लीत जाऊन आलो. उशीर झालाय, तरी बरंच सापडलं. बोसबाबूंनी वरून बघितलं आणि या वेळी काही विचारलं नाही.

आता रजिस्टर समोर आहे. तुमच्या अक्षराशेजारी माझं अक्षर फार वाईट दिसतंय, पण लिहिलंय. त्या शुक्रवारच्या ओळीत, श्वासांच्या रकान्यात: मोजले नाहीत.

आणि ताई, हॉस्पिटलातले मी मोजले होते, पूर्ण मिनिट. तुमचे बावीस नव्हते. अडतीस होते.